हाक तिला, ओ माझी

निपानियात सातव्या मजल्यावर माझं काम एवढंच :
ब्राउझरच्या आतल्या वस्तूंपुढे
हुबेहूब त्यांच्यासारखं काहीतरी उभं करायचं.
बाहेरच्या जोडण्या येतात, हात घालतात,
त्यांना वाटतं वस्तूलाच हात लागला.
हाक तिला असते, ओ माझं कोड देतं,
मग वळून आत विचारतं,
मिळेल ते आणून हातावर ठेवतं
आणि कडेला लिहितं :
कोण, कधी, कुठलं फंक्शन, कितव्यांदा.

अडवायचं नाही. तस्नीमनं पहिल्याच दिवशी बजावलेलं,
"अपन को अभी सिर्फ देखना है."
खाली गेटवर दयारामही हेच करतो.
कुणाला थांबवत नाही, वहीत उतरवतो.
पाणी प्यायला आत जाताना स्वतःचंही नाव लिहितो,
कारणाच्या रकान्यात : प्यास.

तीन आठवडे. एकोणीस लाख नोंदी.
कूपनं शोधून देणारी एक जोडणी
पासवर्डच्या पेटीपाशी मिनिटाला चाळीसदा घुटमळते,
तिच्यासाठी मी मुद्दाम वांगी रंग ठेवलाय.
बाकीच्या बऱ्याचशा नुसत्या सवयीनं येतात,
काही घेत नाहीत, चाचपतात आणि जातात.

आणि अगदी तळाशी :
नाव रफार. कर्ता द. के. पागनीस, इंदूर.
वापरणारे चार.
शेवटचा बदल अकरा वर्षांपूर्वीचा.
रोज पहाटे पाच दहाला ही जोडणी
अक्षर रेखणाऱ्या आतल्या फंक्शनचं मनगट धरते,
क्षणभर,
आणि सोडून देते.

नियम असा की शंभराच्या खालच्यांना
कळवायचं नाही, तोडायचं.

रविवारी लोकमान्य नगरात गेले.
पागनीस छापखान्यात खिळे जुळवायचे.
टेबलावर जुनं मशीन, त्यावर दोरीनं बांधलेला चष्मा.
"यावर 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' उमटायचा," म्हणाले,
"डोंगरात निघालेला माणूस थेट समुद्रात!
खिळा असता तर चिमट्यानं बदलला असता.
इथे चिमटा कुठे घालायचा, ते शोधण्यात दोन वर्षं गेली."
मी म्हटलं, ती आतली जागा आहे, काका.
बाहेरच्यांनी तिथे हात घालायचा नसतो.
"दार नव्हतं हो. असतं तर ठोठावलं असतं की."

मग पोह्यांवर शेव घालताना सहज विचारलं,
"म्हणजे तुम्ही रोज बघत होतात?"

बघत होते.
पाच दहाला कुणीतरी उठतं हे मला तीन आठवडे माहीत होतं,
बशी पुढे करणारा हात आज दिसला.

ते बोटं मोजू लागले.
एक मी. एक देवासची बहीण.
तिसरा भाचा, त्याला काढता येत नाही म्हणून.
"आणि चौथा कोण?"
चौथा रात्री दीडनंतर येतो, तासभर लिहितो,
खूप खोडतो. तो कुठल्या गावचा, तेही वहीत आहे.
मी म्हटलं, सांगता येत नाही.
त्यांनी मान डोलावली, जराशी खूष होऊन.
"आपल्याला न ओळखणारा एकजण आहे तर."

सोमवारी मी अर्ज टाकला :
अक्षर रेखण्याआधी बाहेरून विचारता येईल
असं एक उघड दार हवं, ठोठावून आत येण्यासारखं.
तोवर ही जोडणी सोडावी, हटकून, पण सोडावी.
तस्नीम माझ्या खुर्चीमागे उभी राहून वाचत होती.
"चार लोगों के लिए?"

उत्तर तयार नव्हतं.
अर्जात 'ठोठावणाऱ्यांसाठी' असा शब्द आला होता.
त्यातला र नीट वळलाय ना,
तेवढं एकदा बघून घेतलं.